पाच सूत कमी

“एकूण लांबी तेवढी सांग शालन, बाकीचं मी बघतो,” तात्या म्हणाले आणि करवतीवरून तेलाचा बोळा फिरवू लागले.

मी नकाशा गुडघ्यांवर पसरून दुकानाच्या उंबऱ्यात बसले होते. पुण्याच्या कुणा आर्किटेक्टनं काढलेला तो नकाशा होता, बारीक रेघांचा आणि त्याहून बारीक आकड्यांचा. रहिमतपुरात तेव्हा नवं कॉलेज निघालं होतं आणि त्याच्या वाचनालयासाठी कार्डांचं कपाट करायचं काम तात्यांकडे आलं होतं. त्या काळी प्रत्येक पुस्तकाचं एक कार्ड असायचं. पुस्तक शोधायचं तर लहान लहान खणांत उभी लावलेली ती कार्डं चाळायची. चोवीस खणांचं कपाट. सागवान कॉलेजनंच मोजून दिलं होतं, वरती एक फळी जास्त नाही.

खण ज्यांवर सरकणार होते अशा आठ आडव्या फळ्या आधी कापायच्या होत्या. दोन खांबांमधलं अंतर अठरा इंच. फळीचं डावं टोक बाजूच्या खांबात पाऊण इंच आत जाणार, उजवं टोक मधल्या खांबात तीन-अष्टमांश इंच. नकाशावर ते अपूर्णांकात लिहिलं होतं: चारावर तीन, आठावर तीन.

मी पेन्सिलीनं कोपऱ्यात बेरीज मांडली. वरचे तीन आणि तीन, सहा. खालचे चार आणि आठ, बारा. बारावर सहा. म्हणजे अर्धा. कसं छान सुटलं गणित, असंच मला वाटलं.

“साडेअठरा,” मी म्हणाले.

“नक्की?”

“नक्की तात्या.”

“मग खुणा तूच कर. पेन्सिलीनं नको, सुरीनं रेघ ओढ. जरा खोल.”

मी आठही फळ्यांवर काटकोनाचा गुण्या लावून सुरीनं रेघा ओढल्या. तात्यांनी रेघेवर अंगठ्याचं नख टेकवलं, नखाला लावून करवत धरली आणि संध्याकाळपर्यंत आठही फळ्या कापल्या. कापलेली टोकं गुळगुळीत, सरळ. तात्यांच्या हाताचं काम तसंच असायचं. 

ही सदतीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी एकोणीस वर्षांची होते, लग्नाला आठ महिने झाले होते. घरात मी आणि सासरे, म्हणजे तात्या, दोघंच. सासूबाई मी यायच्या आधीच गेल्या होत्या. माझे मालक, दिनकर, पिंपरीला कारखान्यात होते, ते पंधरा दिवसांनी शनिवारी यायचे. त्यांना तिकडे खोली मिळायची होती. मिळाली की दुकान बंद करून आम्हा दोघांना घेऊन जायचं, असं ते दर खेपेला म्हणायचे. तात्या ‘बघू’ म्हणायचे.

तात्या शाळेत गेलेले नव्हते. टेपावरचे आकडे त्यांना यायचे, अक्षरं यायची नाहीत. मी मात्र मॅट्रिक पास होते. निदान माझ्या मामानं लग्न ठरवताना तसं सांगितलं होतं. खरं तर मी गणितात दोनदा नापास झाले होते. मामा बोलत होता तेव्हा मी आतल्या खोलीत पोह्यांच्या बशा भरत होते. सगळं ऐकत होते आणि गप्प बसले होते. लग्नानंतर तात्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, “आमची सून मॅट्रिक हाय,” तेव्हा मी चहाच्या निमित्तानं आत निघून जायचे.

त्या वर्षी ते मला सारखे दुकानात बोलवू लागले होते. टेप धर, आकडा वाच, खूण कर. मला वाटायचं, एकटीला घरात करमत नसेल म्हणून बोलावतात. मलाही भुशाचा वास आवडायला लागला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही खांब उभे केले आणि पहिली फळी मध्ये घातली. डावं टोक खाचेत नीट बसलं. उजवं टोक मधल्या खांबाच्या खाचेपर्यंत आलंच नाही. त्या फटीतून पलीकडची भिंत दिसत होती.

तात्यांनी दुसरी फळी मागितली. तिसरी मागितली. मग हातातली खाली ठेवली, फटीत बोट घातलं आणि बोट तसंच ठेवून म्हणाले, “खाच तीन सूत. फट दोन सूत. पाच सूत कमी.”

मी टेप लावला. बरोबर पाच-अष्टमांश इंच. इंचाचे आठ भाग केले की त्यातल्या एका भागाला सुतार लोक सूत म्हणतात, एवढं मला ऐकून ठाऊक होतं.

“आठीच्या आठी?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“डाव्या खांबात किती सांगितलंय?”

“पाऊण.”

“आन् मधल्या?”

“आठावर तीन.”

“म्हंजे तीन सूत. पाऊण म्हंजे सहा सूत. सहा आन् तीन किती?”

“नऊ.”

“नऊ सूत म्हंजे एक इंच आन् वर एक सूत. एकोणीस इंच एक सूत पायजे हुती फळी. तू साडेअठरा म्हणालीस. अर्ध्या इंचात चारच सूत असत्यात पोरी. एकट्या पाऊण इंचालासुदीक अर्धा पुरत न्हाई, मग दोन्ही मिळून अर्ध्यात कसं बसतील?”

ते रागावले नव्हते. खरंच कोडं पडल्यासारखे विचारत होते. त्यांच्या लेखी मॅट्रिक झालेल्या माणसाला हे न येणं शक्यच नव्हतं.

मी भुशातच बसले. म्हटलं, “तात्या, मी मॅट्रिक नाही.”

एकदा सुरुवात झाल्यावर सगळंच सांगितलं. दोनदा नापास झाले ते, मामा खोटं बोलला ते, मी आत उभी होते ते. अपूर्णांक मला पाचवीपासून कधी कळलेच नाहीत, हेही सांगितलं. गुरुजी ‘छेद समान करा’ म्हणायचे, मी वहीत उतरून घ्यायचे आणि परीक्षेत वरचे वर आणि खालचे खाली मिळवून मोकळी व्हायचे. “मला माहेरी पाठवलं तरी चालेल,” असंही बोलून गेले.

मी पदरानं डोळे पुसून वर पाहिलं, तर ते माझ्याकडे नाही, माझ्या जरा डावीकडे बघत होते. मी कुठं बसलेय ते शोधत असल्यासारखे.

तेव्हा माझ्या मनात एकदम आलं की चाळीस वर्षं करवत धरलेल्या माणसाला आठ फळ्या पाच पाच सूत आखूड आहेत हे कापताना दिसलं कसं नाही? माझी खूण त्यांनी तपासली का नाही? आणि रेघ सुरीनंच का हवी होती?

“तात्या,” मी विचारलं, “काल तुम्हाला रेघ दिसत होती?”

त्यांनी अंगठ्याचं नख दुसऱ्या बोटावर घासलं.

“न्हाई,” ते म्हणाले. “बोटाला लागत हुती.”

“कधीपासनं?”

“उजव्यानं दिवाळीपासनंच न्हाई. डाव्यानं उजेड दिसतो, माणूस हाय एवढं कळतं. पेन्सिलीची रेघ तर कवाच दिसायची गेली. दिनकरला सांगू नगंस. त्यो लगेच दुकान बंद करील. पिंपरीच्या खोलीत बसून मी काय करू? भिंत चाचपू?”

मग ते हसले, अगदी बारीक. “मला वाटत हुतं तुला समदं येतं, तुला वाटत हुतं मला समदं दिसतं. दोगंबी एकमेकांच्या भरवशावर कापत बसलो!”

मलाही हसू आलं आणि हसता हसता पुन्हा रडू आलं.

त्या दिवशी त्यांनी काम पुढं केलं नाही. दोन टाकाऊ तुकडे आणायला लावले, एक पाऊण इंच जाडीचा, एक तीन सूत जाडीचा. माझ्या हातात देऊन म्हणाले, “डोळं मीट. चिमटीत धर एकेक. कुटला जाड?”

“हा.”

“किती जाड?”

मला सांगता येईना.

“आकड्यात सांगू नगं. सुतात सांग. पाव इंचाला दोन सूत. पाऊण म्हंजे तीन पाव. झालं किती?”

“सहा सूत.”

“आन् ह्यो?”

“तीन.”

“मग ह्येच्या दुप्पट त्यो. आता दोन्ही एकावर एक ठेव. नऊ. ह्यात अवघड काय हाय? पावाचं तुकडं आन् सुताचं तुकडं, असं दोन तऱ्हेचं तुकडं मोजायचं न्हाईत. समद्याचं आदी एकसारखं तुकडं करून घ्यायचं. मग कुटला मोठा तेबी कळतं आन् बेरीजबी हुती.”

मी डोळे मिटूनच बसले होते. चार आणि आठ हे मिळवायचे आकडे नव्हतेच. इंचाचे किती तुकडे केलेत, एवढंच ते सांगत होते. कितीतरी वर्षं मी तुकड्यांची संख्या आणि तुकड्यांचं माप एकमेकांत मिसळत आले होते.

“छेद समान करा म्हणजे हे होय?” मी विचारलं.

“ते मला काय ठावं,” तात्या म्हणाले. “आमी सूत म्हंतो.”

पुढचे चार दिवस त्यांनी मला सोडलं नाही. स्वयंपाक करताना ओट्याशी येऊन विचारायचे, “नऊ-सोळांश मोठा का पाच-अष्टमांश?” हे नकाशातले शब्द त्यांनी माझ्याकडून उचलले होते. पहिल्यांदा मी नऊ आणि सोळा हे मोठे आकडे ऐकून नऊ-सोळांश म्हणाले. “सोळांश म्हंजे अर्दा सूत,” ते म्हणाले. “नऊ अर्द्ये म्हंजे साडेचार सूत. आन् ह्ये पाच. बोल.” भाकरी तव्यावर करपली, पण त्यानंतर मी ते कधी चुकले नाही.

राहिला प्रश्न फळ्यांचा. नवं लाकूड नव्हतं आणि मागायची तात्यांची तयारी नव्हती. खांब जवळ आणावेत तर खण अरुंद होणार आणि त्यांत कार्ड बसणार नाही.

“हातात काय हाय?” तात्यांनी विचारलं. “अठरा इंच अंतर. वर चार सूत. दोन सूत इकडं घाल, दोन सूत तिकडं.”

“दोन सुतावर फळी कशी टिकेल? खण भरले की निसटेल.”

“नुसती न्हाई टिकायची. बाहेरनं खुंट्या मारू. सागाच्या. खांबातनं थेट फळीच्या टोकात. पन भोकं नीट फळीच्या मधोमध पडायला पायजेत, एक केसभर हललं तर फळी उलायची.” ते थांबले. “भोकं मी न्हाई पाडू शकत.”

मी भोकं पाडायचं गिरमिट हातात घेतलं. आधी टाकाऊ तुकड्यांवर पाडली. पहिली पाच वाकडी गेली. तात्या भोकात काडी घालून काडीवरनं बोट फिरवायचे आणि म्हणायचे, “वर गेलं,” “डावीकडं,” “आता बरं.” दोन दिवसांनी खांबाला हात घातला. फळीची जाडी पाच सूत, तिचा मध्य अडीच सुतावर. प्रत्येक टोकाला दोन, अशी बत्तीस भोकं पाडली. एकही फळी उलली नाही.

खणांच्या दर्शनी फळीची आणखी एक अडचण होती. नकाशात लिहिलं होतं की वरून उंचीच्या एक तृतीयांशावर नावाची पितळी चौकट आणि खालून एक चतुर्थांशावर ओढायची कडी. मधे किती जागा राहते तेवढीच लांब एक बारीक पट्टी त्यात बसवायची होती. तिसरा भाग आणि चौथा भाग. मी कागदाची एक चिंधी घेतली, तिचे बारा भाग केले. तिसरा म्हणजे त्यातले चार, चौथा म्हणजे तीन. मिळून सात. राहिले पाच. फळीची उंची साडेचार इंच, म्हणजे छत्तीस सूत. बारातला एक भाग तीन सुतांचा.

“पंधरा सूत,” मी म्हणाले. “एक इंच सात सूत.”

तात्या पटाशी पुसत होते. त्यांचा हात थांबला. ओठ हलले, मनात मोजत होते.

“बारा कुटनं आनलंस?” त्यांनी विचारलं.

“तीनचेही भाग पडतात आणि चारचेही पडतात, असा बाराच.”

“मी असा न्हाई केला असता,” ते म्हणाले. “मी तिसरा येगळा काढला असता, चौथा येगळा काढला असता. तुझा जवळचा हाय.” आणि पुन्हा पटाशी पुसायला लागले. पण त्या संध्याकाळी ते मुद्दाम चावडीपर्यंत गेले आणि माझ्यासाठी भजी घेऊन आले.

कपाट पुरं होत आलं त्या शनिवारी दिनकर आले. हात धुवायच्या आधीच कपाटाजवळ गेले. सुताराचाच मुलगा, नजर लगेच खांबाकडे गेली.

“तात्या, खुंट्या? तुम्ही कधी खुंट्या मारत नाही.”

तात्या तोंड उघडणार तेवढ्यात मी म्हणाले, “फळ्या मी आखूड केल्या. बेरीज चुकले.” आणि त्याच दमात पुढचंही सांगितलं, कारण थांबले असते तर पुन्हा कधीच सांगितलं नसतं. “मी मॅट्रिक पास नाही. गणितात दोनदा नापास झालेय. लग्नात खोटं सांगितलं.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चेहरा उतरला होता. “आठ महिने?” एवढंच म्हणाले.

“तिला काय बोलू नगंस,” तात्या म्हणाले. “खोटं मीबी बोललोय. मला दिसत न्हाई, दिनकर.”

दिनकर त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. दोन बोटं वर धरली. “किती?”

“हात हाय एवढं कळतं.”

ते तिथंच लाकडाच्या ओंडक्यावर बसले आणि तोंड झाकून घेतलं. तात्या चाचपत गेले, त्यांच्या केसांतून हात फिरवत राहिले. मी चहा ठेवायला आत गेले, पण चूल पेटवायचं मला सुचलंच नाही.

सोमवारची रजा काढून दिनकर तात्यांना साताऱ्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. थेंब दिले, ते राहिलेला उजेड टिकवण्यापुरते.

परतल्यावर दिनकर माझ्याशी फारसं बोलले नाहीत. टेप घेऊन नकाशा उलगडला आणि चोवीसही खण एकेक करून मोजले. मी दारातून बघत होते. मोजून झाल्यावर नकाशाची घडी केली. मग दुपारभर बसून सगळ्या पटाश्यांना धार लावली. शेवटी करवत घेतली, तिची लाकडी मूठ सोडवली आणि काचेनं खरवडून खरवडून बारीक करायला लागले.

“तिला काय झालं होतं?” मी विचारलं.

“तुझ्या हाताला मोठी होती,” ते वर न बघता म्हणाले.

पिंपरीच्या खोलीचा विषय त्यांनी त्यानंतर काढला नाही. पुढं चार वर्षांनी तेच नोकरी सोडून गावी आले. मी कपाटाच्याच वर्षी ऑक्टोबरात परीक्षेला बसले, गणितात एकावन्न मार्क पडले. पत्रक तात्यांनी हातात घेऊन कागदावरून बोट फिरवलं, जणू आकडे बोटाला लागणार होते. ते आणखी अकरा वर्षं जगले. शेवटची दोन वर्षं उजेडही गेला होता, पण रंधा मारलेली फळी गालाला लावून ते कुठं उंच आणि कुठं खोल ते सांगायचे, आणि त्यात कधी चुकायचे नाहीत.

पण मला आठवतो तो कपाट पोचवायचा दिवस. बैलगाडीतून कपाट कॉलेजात नेलं. ग्रंथपाल घळसासी सर म्हणून होते, बारीक चणीचे, फार काटेकोर. त्यांनी एकेक खण ओढून पाहिला, आत कार्ड उभं करून पाहिलं, खण सोडून दिला की तो आपोआप शेवटपर्यंत सरकतो का तेही पाहिलं. चोवीसावा खण बंद झाल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला.

“मेस्त्री, काम उत्तम झालंय,” ते तात्यांना म्हणाले. “आता वाचायला बसायची टेबलंही तुम्हीच करा. सहा लांब टेबलं हवीत. उंची, रुंदी काय ठेवायची ते तुम्हीच सांगा.”

तात्या माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे होते. वाचनालयात चारपाच प्राध्यापक होते, शिपाई होता, दिनकरही त्या दिवशी मुद्दाम आले होते. मी डोक्यावरचा पदर सावरून मागं सरू लागले, तर तात्यांनी मला हलू दिलं नाही.

“ते ह्या मेस्त्रींना इचारा,” ते म्हणाले. “मी त्यांच्या हाताखाली हाय.”

घळसासी सरांनी तात्यांकडे पाहिलं, मग दिनकरकडे पाहिलं. दिनकरांनी होकारार्थी मान हलवली. मग सर माझ्याकडे वळले आणि पुन्हा तोच प्रश्न, तितक्याच आदरानं, मला विचारला.

मी मान वर केली.

“खुर्च्या किती उंचीच्या घेणार आहात, सर?” मी विचारलं. “आधी ते सांगा. मग उंची ठरवू.”